जुन्या जपानी कवितेचं हस्तलिखित पान कसं वाचायचं: आधी कागद, मग शाई, अक्षरं सर्वांत शेवटी

पुण्या-मुंबईत जपानी शिकणारे आता पुष्कळ आहेत. त्यांतले काही जण जुन्या कवितेकडे वळतात, एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हजार वर्षांपूर्वीचं पान उघडतात आणि पहिल्याच ओळीत अडकतात. आपली भाषा कमी पडली असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा भाषा पुरेशी असते, चुकलेला असतो तो क्रम. पान उघडल्याबरोबर पहिल्या अक्षराला हात घातला जातो आणि अक्षरं तर या कामात अगदी शेवटी यायला हवीत.

वाका म्हणजे ३१ अक्षरांची अभिजात जपानी कविता. सजवलेल्या कागदावर काना लिपीत लिहिलेल्या वाकाचं एक पान डिजिटल छायाचित्रावरून स्वतः कसं वाचायचं, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. तुम्हाला हिरागाना सफाईने येतं आणि नेहमीच्या कांजी ओळखता येतात, एवढं मी धरून चाललो आहे. कवितेचा अर्थ लावायला अभिजात व्याकरण लागतं. पान वाचण्यासाठी मात्र ते आधी येण्याची गरज नाही. कानाक्षरं मी देवनागरीत, जुन्या वर्णलेखनाप्रमाणे दिली आहेत, आजच्या उच्चाराप्रमाणे नाही.

तयारी: पान, साधनं आणि थोडं पाठांतर

पहिलं पान विचारपूर्वक निवडा. सुंदर दिसतं म्हणून इशियामागिरे या हस्तलिखिताचं रंगीत, तुकडे जोडून केलेल्या कागदाचं पान घेऊन बसणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. सुरुवात कोयागिरेपासून करा. ‘कोकिनवाकाशू’ या संग्रहाच्या आज उपलब्ध असलेल्या प्रतींमध्ये हीच सर्वांत जुनी मानली जाते, अकराव्या शतकाच्या मध्याची. कागदावर अभ्रकाची बारीक पूड शिंपडलेली आहे, बाकी सजावट जवळजवळ नाही. ओळी सरळ उतरतात. अक्षरं जोडलेली असली तरी शांत आहेत. ही प्रत तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिली आहे आणि अभ्यासक त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा प्रकार म्हणतात. पहिल्या प्रकारातलं पान घ्या.

छायाचित्रांसाठी जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचं ‘कोलबेस’ आणि राष्ट्रीय ठेव्यांसाठीचं ‘ई-कोकुहो’ ही संकेतस्थळं चांगली आहेत. मिळेल तेवढं मोठं चित्र उतरवून घ्या. फोनच्या पडद्यावर हे काम करू नका.

टेबलावर इतकं हवं: पूर्ण पानाची एक छापील प्रत, पारदर्शक ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, लाल पेन, चौकटीची वही आणि कुझुशिजीचा, म्हणजे धावत्या अक्षरांचा, एक कोश.

आता पाठांतर. आजच्या हिरागानात एका ध्वनीला एकच रूप आहे, कारण १९०० साली जपानी सरकारने प्राथमिक शाळांसाठी तसं ठरवून दिलं. त्याआधी एका ध्वनीसाठी वेगवेगळ्या कांजींपासून उतरलेली अनेक रूपं सर्रास वापरात होती. वगळलेल्या रूपांना हेन्ताइगाना म्हणतात. २०१७ साली युनिकोडमध्ये अशी २८५ रूपं घेतली गेली. तो आकडा बघून घाबरू नका आणि यादी पाठ करायलाही बसू नका. आधी फक्त ही ओळखीची करा:

‘हा’साठी ‘आठ’ या अर्थाची कांजी, तसंच ‘व्यक्ती’ या अर्थाची.
‘का’साठी ‘शक्य’ या अर्थाची. जुन्या पानांवर हे रूप फार वेळा भेटतं.
‘नि’साठी ‘कान’ या अर्थाची.
‘सु’साठी ‘वसंत’.
‘ता’साठी ‘पुष्कळ’.
‘मि’साठी ‘पाहणे’ आणि ‘तीन’.
‘नो’साठी ‘क्षमता’.
‘शि’साठी ‘निर्धार’.
‘वा’साठी ‘राजा’.

यातली प्रत्येक कांजी तुम्हाला आधीच येते, हा तुमचा मोठा फायदा. कोशात तिची धावती रूपं पाहा आणि प्रत्येक रूप हाताने काही वेळा गिरवा. नुसतं बघून ते लक्षात राहत नाही. हाताने वळण घेतलं की डोळा ते पानावर शोधू लागतो.

तपासा: ‘वसंत’ ही कांजी पानावर दिसली तर ती दोन गोष्टी असू शकते, वसंत हा शब्द (हारु) किंवा नुसता ‘सु’ हा ध्वनी. हा फरक डोक्यात पक्का झाला असेल तरच पुढे जा.

टप्पा १: समोर नेमकं काय आहे ते ठरवा

पान अखंड गुंडाळीचा भाग आहे, बांधलेल्या वहीचं आहे, की कापून वेगळा केलेला तुकडा? नावात ‘गिरे’ असेल तर तो तुकडा. चहाच्या खोलीत टांगण्यासाठी आणि संग्राहकांच्या आल्बममध्ये चिकटवण्यासाठी जुनी हस्तलिखितं कापली गेली. हे अगदी अलीकडेपर्यंत चाललं. क्योतोच्या निशी होंगान्जी मंदिरातल्या छत्तीस कवींच्या संग्रहातले दोन खंड १९२९ साली सुटे करून वाटले गेले. त्याच पानांना इशियामागिरे म्हणतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की तुमच्या पानाची पहिली ओळ ही कवितेची पहिली ओळ असेलच असं नाही. मागच्या पानावर सुरू झालेल्या कवितेचं शेपूट तिथे असू शकतं.

आता वहीत चार वेगळी घरं आखा: कवी कोण, संग्रह कोणता, हे पान लिहिणारा हात कोणाचा आणि परंपरेने ते कोणाच्या नावावर आहे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. कोयागिरे परंपरेने कि नो त्सुरायुकि याच्या नावावर आहे. तो ‘कोकिनवाकाशू’च्या चार संकलकांपैकी एक, दहाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच वारलेला. पान अकराव्या शतकाचं आहे, म्हणजे हात त्याचा असूच शकत नाही. संग्रहालयाच्या पाटीवर नावाआधी ‘देन्’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ ‘परंपरेने याचं म्हणतात’ एवढाच. ते नाव चौथ्या घरात जाईल, तिसऱ्यात नाही.

सावधान: चित्रात पानाशेजारी एक अरुंद उभी पट्टी दिसली, तिच्यावर नाव आणि शिक्का असेल, तर ती नंतरच्या काळातल्या पारख करणाऱ्याची चिठ्ठी आहे. ती कवितेचा भाग समजून वाचू नका.

टप्पा २: कागद वाचा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर तासन्‌तास भलत्याच रेघा अक्षरं समजून सोडवत बसतात. कागदावर काय काय आहे त्याची आधी मोजदाद करा आणि लाल पेनने छापील प्रतीवर खुणा करा.

चांदी. सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच. सोनं शतकानुशतकं पिवळं राहतं, चांदी मात्र काळवंडते. सजावटीत चांदीचे बारीक कण (सुनागो), कापलेले चौकोनी तुकडे (किरिहाकु) आणि केसासारख्या लांब पट्ट्या (नोगे) शिंपडलेले असतात. आज ते राखाडी-काळे दिसतात. नोगेची एखादी पट्टी दोन अक्षरांच्या मध्ये पडली की ती जोडरेघ वाटते. ‘शि’ हे अक्षर नुसतीच उभी रेघ असल्यामुळे नोगेचा ‘शि’ तर हमखास होतो. ओळखायचं कसं? शाईच्या रेघेला सुरुवात, दाब आणि निमुळता शेवट असतो. चांदीच्या पट्टीची जाडी सारखी असते आणि टोकं तुटक. खात्री नसेल तर शेजारच्या कोऱ्या भागात तशाच पट्ट्या दिसतात का, ते पाहा.

अभ्रकाची नक्षी. चिनी पद्धतीच्या काराकामी कागदावर लाकडी ठशाने अभ्रकाची नक्षी उठवलेली असते. ती तिरक्या उजेडात चमकते आणि समोरून घेतलेल्या छायाचित्रात जवळजवळ गायब होते किंवा फिकट डागासारखी दिसते. नक्षीवर शाई काही ठिकाणी नीट धरत नाही, त्यामुळे अक्षराची रेघ मध्येच तुटल्यासारखी वाटते. अशी तुटलेली रेघ एकच समजा.

जोडकागद. इशियामागिरेसारख्या पानांत वेगवेगळ्या रंगांचे कागद कापून, फाडून किंवा एकावर एक सरकवून जोडलेले असतात. फाडलेल्या कडेचा पांढरा तंतूदार काठ आणि त्याची सावली ओळखून ठेवा. कविता या जोडावरून बिनधास्त पुढे जाते. रंग बदलला म्हणून नवी कविता सुरू झाली असं नाही.

मागची छाया. वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असे. नंतर तो कागद जाडीत उभा चिरून दोन पानं केली जात. अशा तुकड्यावर मागच्या बाजूची अक्षरं उलटी आणि फिकट दिसू शकतात. ती वाचायची नाहीत.

किड्यांची भोकं आणि त्यावरची डागडुजी यांच्याही खुणा करा.

संगणकावर एक सोपी युक्ती आहे. चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन स्तर वेगवेगळे पाहा. निळी सजावट निळ्या स्तरात फिकी पडते, तांबूस सजावट लाल स्तरात. काळी शाई तिन्ही स्तरांत काळीच राहते. काळवंडलेल्या चांदीवर ही युक्ती चालत नाही, तिथे नजरच लागते.

सावधान: कागदावर बदकं आहेत म्हणून कविता बदकांची असेल असा अंदाज बांधू नका. सजवलेला कागद अनेकदा आधी तयार असे आणि कविता त्यावर क्रमाने उतरवली जाई. सुलेखनकार होनामि कोएत्सु (१५५८–१६३७) याने तावाराया सोतात्सुच्या चित्रांवर लिहिलेल्या गुंडाळ्यांत अक्षरांची मांडणी चित्राकडे बघून केलेली स्पष्ट दिसते. क्योतो राष्ट्रीय संग्रहालयातली क्रौंच पक्ष्यांची गुंडाळी किंवा सिअॅटलच्या कला संग्रहालयातला हरणांच्या गुंडाळीचा लांब भाग पाहा. तिथेसुद्धा चित्र बघून शब्द ओळखायचा मोह टाळा. चित्र मांडणीबद्दल सांगतं, मजकुराबद्दल नाही.

टप्पा ३: मांडणीवरून भाग पाडा

अजूनही अक्षरं वाचायची नाहीत. फक्त ओळींची उंची बघा. संग्रहाच्या पानावर सहसा तीन प्रकारच्या ओळी असतात. कवितेआधीची प्रस्तावना, म्हणजे कोतोबागाकि, थोडी खालून सुरू होते. कवीचं नाव त्याहून बरंच खाली असतं. कविता सर्वांत वरून सुरू होते आणि अनेकदा दोन ओळींत संपते.

प्रत्येक गटाभोवती पेन्सिलने चौकट काढा. पानावर किती कविता आहेत ते मोजा. पहिल्या ओळीआधी प्रस्तावना नसेल, तर ते मागच्या कवितेचं शेपूट आहे का, अशी शंका लिहून ठेवा.

‘कोकिनवाकाशू’त दोन ठरीव वाक्यं पुन्हा पुन्हा येतात: ‘दाइ शिराझु’ (प्रसंग अज्ञात) आणि ‘योमिबितो शिराझु’ (कवी अज्ञात). त्यांची अक्षरं सुटी सुटी ओळखायचा प्रयत्न करू नका. अख्ख्या आकाराची ओळख करून घ्या. ती सापडली की पानावर पाय ठेवायला जागा मिळते आणि त्यांतल्या ‘शि’, ‘रा’ या अक्षरांची त्या लेखकाच्या हातची वळणं फुकटात हाती लागतात.

तपासा: प्रत्येक चौकटीला प्रस्तावना, नाव किंवा कविता असं लेबल लागलं का? एखादी चौकट कशातच बसत नसेल तर तिला प्रश्नचिन्ह द्या, जबरदस्तीने बसवू नका.

टप्पा ४: शाईवरून वाचनाचा क्रम ठरवा

कोयागिरेसाठी हा टप्पा दोन मिनिटांचा आहे: उजवीकडून डावीकडे, वरून खाली. विखुरलेल्या लेखनात, म्हणजे चिराशिगाकित, मात्र सगळी मदार यावरच आहे. सुन्शोआन शिकिशी, मासु शिकिशी आणि त्सुगि शिकिशी ही या पद्धतीची सर्वांत नावाजलेली त्रयी (शिकिशी म्हणजे कवितेचं चौकोनी पान). त्यांत ओळी वरखाली सुरू होतात, एकमेकींकडे झुकतात, मासु शिकिशीत तर एकमेकींवर चढतात. त्सुगि शिकिशीत एकच कविता दोन पानांवर पसरलेली भेटते.

शाईकडे बघा. कुंचला नुकताच शाईत बुडवला असेल तर रेघ गडद आणि जाड येते. मग ती हळूहळू बारीक, फिकी, कोरडी होत जाते आणि पुन्हा एकदम गडद होते. जिथे एकदम गडद झाली तिथे कुंचला परत बुडवला. ट्रेसिंग पेपरवर अशी सगळी ठिकाणं शोधा आणि १, २, ३ असे आकडे घाला. दोन आकड्यांमधली शाई सलग उतरती हवी. तुम्ही लावलेल्या क्रमात फिकी रेघ मध्येच थोडी गडद, मग पुन्हा फिकी अशी उड्या मारत असेल, तर क्रम चुकलाय.

लेखक कधीकधी डाव्या कडेला पोहोचतो आणि उरलेले शब्द परत उजवीकडच्या मोकळ्या जागेत, जरा लहान अक्षरांत लिहितो. अशा पानावर उजवीकडची पहिली दिसणारी ओळ ही कवितेचा शेवट असू शकते. शाईचा उतार पाहिलात तर हे चटकन कळतं.

सावधान: ओळ जिथे संपते तिथे कवितेचा चरण संपतो असं समजू नका. ओळ शब्दाच्या मधोमधही तुटते.

टप्पा ५: ३१ घरं आखा

चौकटीच्या वहीत ५, ७, ५, ७, ७ अशी घरं आखा. एका कानाक्षराला एक घर. आपण अक्षरवृत्तात अक्षरं मोजतो तसंच इथे मोजायचं, लघु-गुरूचा विचार न करता.

घरं कमी पडली तर घाबरू नका. जादा अक्षराचे चरण नियमाने येतात. चरणाच्या आत अ, इ, उ, ओ यांपैकी एखादा सुटा स्वर असेल, तर त्या चरणात एक अक्षर जास्त चालतं. ओनो नो कोमाचीची कविता पाहा: ‘हाना नो इरो हा / उत्सुरि नि केरि ना / इतादुरा नि / वागा मि यो नि फुरु / नागामेसे शि मा नि’. पहिल्या चरणात सहा अक्षरं आहेत आणि आत ‘इ’ बसलेला आहे. ‘कोकिनवाकाशू’ची पहिलीच कविता, आरिवारा नो मोतोकाताची, तर दोन ठिकाणी वाढते: ‘तोशि नो उचि नि / हारु हा कि नि केरि / हितोतोसे वो / कोझो तो या इहामु / कोतोशि तो या इहामु’. पहिला चरण सहा, शेवटचा आठ. दोन्हींत सुटा स्वर आहे.

म्हणून मोजणी ३२-३३ आली आणि असा स्वर सापडला, तर वाचन बरोबर असण्याची शक्यता आहे. ३४-३५ येत असेल किंवा जादा अक्षराच्या चरणात स्वरच नसेल, तर तुम्ही एक अक्षर दोन समजून वाचलंय, किंवा चांदीची रेघ मोजली आहे.

कवितेत कांजी आली तर तिला उच्चाराएवढी घरं द्या. ‘वसंत’ (हारु) दोन घरं घेतो.

टप्पा ६: आता अक्षरं, तीही शेवटाकडून

कवितेच्या पहिल्या शब्दापासून सुरू करू नका. शेवटच्या चरणाच्या शेवटापासून सुरू करा. वाकाचे शेवट ठरावीक असतात: ‘केरि’, ‘नारिकेरि’, ‘रामु’, ‘काना’, ‘त्सुत्सु’. यांपैकी काही बसतंय का पाहा. बसलं की त्या घरांत भरा. मग संपूर्ण पानावर ‘नो’, ‘नि’, ‘शि’, ‘तो’ ही वारंवार येणारी अक्षरं शोधा. अशी बेटं तयार झाली की मधलं पाणी आपोआप कमी होतं.

मोडी वाचणाऱ्यांना इथे ओळखीचं वाटेल: लेखणी न उचलता लिहिलेले शब्द, शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. पण मोडीची सवय एका बाबतीत घात करते. मोडीत आपण एका ध्वनीसाठी सहसा एकच मूळ अक्षर धरतो आणि त्याची वळणं ओळखतो. इथे तोच ध्वनी दुसऱ्यांदा आला की लेखक मुद्दाम वेगळ्या कांजीपासून आलेलं रूप वापरतो, म्हणजे पान एकसुरी दिसत नाही. वरच्या मोतोकाताच्या कवितेत ‘तो या इहामु’ दोनदा येतं. पानावर ते दोन्ही तुकडे सारखे दिसतील अशी अपेक्षा ठेवलीत तर दुसरा सापडणारच नाही.

नेहमीचे सापळे असे:

जोडरेघ म्हणजे शब्द नव्हे. तीन अक्षरं एका झटक्यात जोडली असतील तर तो एक शब्द असेल असं वाटतं. जोडणी हाताच्या गतीने आणि शाईच्या ओघाने ठरते. शब्द तिथे तुटतो की नाही हे घरं भरल्यावरच कळतं.

कंपनचिन्ह नसतं. ‘का’ आणि ‘गा’, ‘ता’ आणि ‘दा’, ‘हा’ आणि ‘बा’ सारखेच लिहिले जातात. ‘कोझो’ पानावर ‘कोसो’ दिसेल. दिसतं तेच घरात लिहा, घोष नंतर ठरवा.

आजचा उच्चार विसरा. आज ‘क्यो’ म्हणतो तो ‘आज’ हा शब्द ‘केफु’ असा लिहिलेला असतो, ‘ओमोउ’ हा ‘ओमोफु’ असा. आधुनिक शब्दकोश मनात ठेवून वाचणारा इथे हटकून ठेचकाळतो.

पुनरावृत्तीच्या खुणा. छोटीशी तिरकी खूण म्हणजे मागचं एक अक्षर पुन्हा. ‘कु’सारखी लांब वळलेली खूण म्हणजे मागची दोन किंवा अधिक अक्षरं पुन्हा. लांब खुणेचा ‘कु’ वाचला तर घरांचा हिशेब कोलमडतो.

सारखी दिसणारी. ‘उ’, ‘रा’ आणि ‘शक्य’ या कांजीपासून आलेला ‘का’ ही तीन अक्षरं धावत्या लेखनात एकमेकांसारखी होतात. ‘नु’ आणि ‘मे’ यांत शेवटचं वेटोळं आहे की नाही ते बघा. ‘शि’ आणि ‘कु’ यांत कंबरेला बाक आहे का ते बघा. निर्णय होत नसेल तर घरात दोन्ही शक्यता वर-खाली लिहा आणि पुढे जा. एका अक्षरावर रात्र घालवण्यात अर्थ नाही, पुढची चार अक्षरं त्याचा निकाल लावतात.

प्रत्येक अवघड अक्षर ट्रेसिंग पेपरवर गिरवा आणि कुंचला कुठून आला, कुठे वळला, त्याचे बाण काढा. नुसत्या आकारावरून वाचणारा अडतो, हालचालीवरून वाचणारा सुटतो.

सावधान: ‘मिवो’ नावाचं फोनवरचं ॲप धावती अक्षरं ओळखून देतं. जपानच्या मानव्यविद्यांच्या खुल्या विदा केंद्राने ते २०२१ साली उपलब्ध केलं. ते उत्तम साधन आहे, पण त्याच्या शिकवणीतली बरीचशी अक्षरं एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) पुस्तकांतली आहेत. हेइआन काळातल्या, म्हणजे आपल्या पानांच्या काळातल्या, सजवलेल्या कागदावर विखुरलेल्या लेखनात ते गोंधळतं. स्वतःचं वाचन संपल्यावर ते दुसरा साक्षीदार म्हणून वापरा. आधी वापरलंत तर त्याच्या चुका तुमच्या डोळ्यांत बसतात.

टप्पा ७: कविता शोधा

३१ पैकी १२-१५ घरं खात्रीची झाली की थांबा आणि शोध घ्या. क्योतोच्या आंतरराष्ट्रीय जपान अभ्यास केंद्राच्या वाका विदागारात हिरागानात शोधता येतं. तिथला मजकूर कंपनचिन्हांशिवाय आहे, म्हणून ‘कोझो’ नव्हे, ‘कोसो’ टाका. जुन्या वर्णलेखनातच टाका: ‘इवान’ नव्हे, ‘इहामु’.

पहिला चरण टाकायचा आग्रह धरू नका. चार-पाच अक्षरांचा सलग, खात्रीचा तुकडा कुठलाही चालतो. ‘हारु हा कि नि’सारखा तुकडा अनेक कवितांत येईल. अशा वेळी दुसरा तुकडा टाका आणि दोन्ही याद्यांत कोणती कविता सामाईक आहे ते पाहा. सापडली की संग्रहाचं नाव आणि कवितेचा क्रमांक टिपा.

काहीच सापडलं नाही तर तुमच्या ‘खात्रीच्या’ तुकड्यातलं एक अक्षर चुकलेलं असतं. त्याच्या शेजारच्या तुकड्याने पुन्हा शोधा.

तपासा: सापडलेल्या कवितेच्या आधीची आणि नंतरची कविताही बघा. पानावर आणखी एखादी चौकट असेल तर ती बहुधा त्यांपैकीच एक असणार. दोन चौकटी लागोपाठ जुळल्या की ओळख पक्की.

टप्पा ८: छापील पाठ झाका आणि पुन्हा वाचा

बहुतेक जण कविता सापडल्यावर काम संपलं समजतात. खरं तर सर्वांत मोठा धोका इथून पुढे आहे. छापील ओळ एकदा कळली की डोळा पानावर तीच ओळ बघतो, तिथे काहीही लिहिलेलं असो.

आज छापलेली ‘कोकिनवाकाशू’ बहुतेक वेळा फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) याने केलेल्या प्रतींवर आधारलेली असते. कोयागिरे त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत संपूर्ण राहिलेली सर्वांत जुनी प्रत, गेन्एइबोन, ११२० सालची आहे. या जुन्या पानांत शब्द, प्रत्यय, कधी कवीचं नावही छापील पाठाहून वेगळं असतं. तो फरक म्हणजे लेखनिकाची चूक असं आपोआप धरू नका आणि तो दुरुस्त तर मुळीच करू नका. हे पान वाचायचं मुख्य कारणच तो फरक आहे.

म्हणून छापील पाठ बाजूला ठेवा, नवा ट्रेसिंग पेपर घ्या आणि उजवीकडून प्रत्येक अक्षर पुन्हा वाचा. आता वहीत तीन ओळी करा. पहिलीत प्रत्येक अक्षर ज्या कांजीपासून आलं ती कांजी, पानावरची ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ. दुसरीत तेच हिरागानात, घोष-अघोष ठरवून. तिसरीत छापील पाठ, आणि जिथे तो वेगळा पडतो तिथे लाल खूण. न वाचलेलं अक्षर चौकोनाने दाखवा, शंका असलेल्याखाली टिंब द्या. छापील पाठावरून भरलेलं अक्षर स्वतः वाचल्यासारखं लिहायचं नाही.

खाली नोंद करा: पान कोणाकडे आहे, संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक, चित्र कोणत्या तारखेला उतरवलं आणि त्याच्या वापराच्या अटी काय आहेत. कागदाबद्दल टप्पा २ मध्ये टिपलेलं सगळं इथेच जोडा.

कधी जपानला जाणं झालं आणि तेच पान प्रदर्शनात असेल, तर ही वही बरोबर न्या. असे कागद उजेडाने खराब होतात, म्हणून ते थोड्या काळासाठीच मांडतात. काय मांडलेलं आहे ते निघण्याआधी बघा. काचेसमोर सरळ उभं न राहता गुडघे वाकवून खालून तिरकं पाहा. छायाचित्रात न दिसलेली अभ्रकाची नक्षी तिथे दिसते, आणि कुठल्या रेघा शाईच्या, कुठल्या चांदीच्या, याचा निकाल लागतो. नोंदी पेन्सिलनेच करा, बऱ्याच संग्रहालयांत पेन चालत नाही.

दुसरं पान घेताना तोच हात, तोच संग्रह ठेवा. एका हाताची वळणं बसेपर्यंत बदलू नका. त्यानंतर कोयागिरेचाच दुसरा आणि तिसरा प्रकार घ्या, मग रंगवलेल्या कागदावरची सेकिदोबोन ही प्रत, मग सुन्शोआन शिकिशी. इशियामागिरेची जोडकागदाची पानं या सगळ्यानंतर उघडा.